‘बुद्ध्यंक 66, विशेष शाळेत घाला’: अहवाल पटत नसेल तर पालकांनी काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. वडिलांचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, धंदा तमिळनाडूत सेलमला, त्यामुळे दुसरीपर्यंत तो तिकडच्या इंग्रजी शाळेत होता. सासरे आजारी पडल्यावर तुम्ही त्याला घेऊन विट्याजवळच्या गावी आलात आणि तिसरीपासून तो मराठी शाळेत जातो. वाचन जमत नाही म्हणून शाळेने त्याला तालुक्याच्या तपासणी कॅम्पला नेलं. तिथून ‘सौम्य बौद्धिक अक्षमता, बुद्ध्यंक 66’ असा अहवाल आला. आता शाळा म्हणते, शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज द्या आणि सांगलीच्या विशेष शाळेत घाला. इकडे घरी हाच मुलगा किराणा आणतो, सुट्टे पैसे मोजून घेतो, एकटा एसटीत बसून मामाकडे जातो. तुम्ही विचारताय, हा अहवाल खोटा ठरवायला अर्ज कुठे करायचा?

मी मिरज-सांगली भागात पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. अशा चाचण्या स्वतः घेते आणि दुसऱ्यांनी घेतलेल्या चाचण्यांचे अहवालही माझ्याकडे वाचायला येतात. तेव्हा दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

पहिलं काम घाईचं आहे. दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. ‘पालक स्वखुशीने नेत आहेत’ असं एकदा तुमच्या अक्षरात कागदावर आलं की शाळेने काढलं हे नंतर कुणी ऐकून घेत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. अगदी धरून चालू की अहवाल शंभर टक्के बरोबर आहे. तरीही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 31 असं सांगतं की 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जी पसंत असेल तिथे, मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती मुलाची, म्हणजे व्यवहारात तुमची. मुख्याध्यापक सल्ला देऊ शकतात, निर्णय देऊ शकत नाहीत. हे शाळेच्या दारात भांडून सांगू नका. अर्ध्या पानाचा अर्ज लिहा, ‘मुलगा याच शाळेत शिकेल, अहवालाबाबत आमचा आक्षेप आहे’ एवढंच म्हणा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. (विशेष शाळा वाईट असतात असं मी म्हणत नाही. ज्या मुलांना तिथे नेमकं हवं ते मिळतं अशी मुलं मी पाहिली आहेत. पण तिथे जायचं ते ठरवून, कुणी ढकललं म्हणून नव्हे.)

आता मूळ मुद्दा. ‘रिपोर्ट मान्य नाही’ असं पालक म्हणतात तेव्हा हातातला कागद तीनपैकी कुठलाही असू शकतो, आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. पहिला कागद शाळेतल्या प्राथमिक पडताळणीचा. शिक्षक मुलाला रोज जसं पाहतात त्यावरून प्रश्नावली भरतात, हल्ली एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ ॲपवर. त्यातून ‘या मुलाला पुढे तपासून घ्या’ एवढंच निघतं, निदान निघत नाही. दुसरा कागद मानसशास्त्रज्ञाच्या अहवालाचा. तिसरा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा. ते केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केल्यावर सिव्हिलसारख्या शासकीय रुग्णालयातून मिळतं आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, त्याच अर्जातून येतं. रीतसर अपील असतं ते फक्त या तिसऱ्या कागदावर. तुमच्याकडे दुसरा आहे. तो ‘खोटा ठरवणारं’ ऑफिस आपल्याकडे नाही. तो ज्यांनी लिहिला त्यांच्याकडून दुरुस्त करून घेता येतो, किंवा त्याहून नीट केलेलं मूल्यमापन त्याच्या शेजारी ठेवता येतं. गुगलवर शोधलंत तर ‘सरकारी खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागा’, ‘सुनावणी मागा’ असे सल्ले दिसतील. ते अमेरिकेच्या कायद्यातले आहेत. इथे ते अर्जात लिहिलंत तर पलीकडचा माणूस नुसता बघत राहील.

म्हणून माझा सल्ला असा की अख्ख्या अहवालाशी भांडू नका. त्यात नेमकं कुठे चुकलंय ते शोधा आणि तेवढ्यावर बोट ठेवा. तुमच्या अहवालात ते बोट ठेवायला जागा आहे.

तुम्ही गुणांचं पान दिलंत ते बरं झालं. चाचणी मिसिक आहे, म्हणजे मलिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली. तिचे दोन भाग असतात. शाब्दिक भागात माहिती, आकलन, तोंडी गणितं, दोन गोष्टींतलं साम्य, शब्दांचे अर्थ असे प्रकार येतात. कृतीच्या भागात ठोकळ्यांची रचना, अपुरं चित्र, तुकडे जुळवणं, खुणांचे संकेत, चक्रव्यूहातून वाट काढणं असे प्रकार येतात. तुमच्या मुलाचा शाब्दिक बुद्ध्यंक 52 आहे आणि कृतीचा 80. या चाचणीत दोन्हींची सरासरी काढून एकूण बुद्ध्यंक देतात. 52 अधिक 80, भागिले दोन, झाले 66. आकडेमोड बरोबर आहे. पण दोन भागांत 28 अंकांचं अंतर असताना नुसती सरासरी सांगणं म्हणजे जतला टँकर चालू आणि महाबळेश्वरला धो धो कोसळतोय, तरी ‘आपल्याकडे पाऊसमान मध्यम’ असं म्हणण्यासारखं आहे. एवढं अंतर दिसलं की अहवाल लिहिणाऱ्याने थांबून ‘का?’ असं विचारायला हवं. अहवालात त्यावर एक ओळ नाही.

आणि या मुलाच्या बाबतीत ‘का’चं उत्तर समोरच आहे. त्याने अंक, रंग, वार इंग्रजीत शिकले. गल्लीत तो तमिळ पोरांत खेळला. घरात तुम्ही मराठी बोलता, पण घरातली मराठी वेगळी आणि चाचणीतली वेगळी. शब्दांचे अर्थ सांगायला पुस्तकातली भाषा लागते, ती त्याला दोनच वर्षं मिळाली आहे. अहवालात ‘मातृभाषा मराठी, माध्यम मराठी’ एवढंच लिहिलंय. सेलमचा उल्लेख नाही, म्हणजे कॅम्पमध्ये कुणी विचारलंच नसावं. आमच्या भागात हे बऱ्याचदा होतं. जत तालुक्यातल्या कन्नड घरातला एक मुलगा माझ्याकडे दुसऱ्यांदा तपासायला आला होता. आधीच्या अहवालात शाब्दिक भागात ओळीने ‘प्रतिसाद नाही’. मी कन्नड येणाऱ्या एका मदतनीस बाईंना शेजारी बसवलं. तो मुलगा टेबलाकडे बघत पुटपुटत होता, आणि बाई म्हणाल्या, ‘मॅडम, हा सांगतोय की. बरोबर सांगतोय.’ माण-खटावकडच्या मेंढपाळांची मुलं, ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलं, यांच्याबाबतीत भाषेबरोबर शाळा बुडण्याचाही प्रश्न असतो. शिकायलाच न मिळालेली गोष्ट येत नाही, ही अक्षमता नव्हे.

दुसरी फट पहिलीपेक्षा मोठी आहे. बौद्धिक अक्षमतेचं निदान नुसत्या बुद्ध्यंकावर करायचं नसतं. वयाप्रमाणे रोजचे व्यवहार मुलाला किती जमतात तेही मोजावं लागतं. त्यासाठी आपल्याकडे व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणी वापरतात, प्रमाणपत्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांतही तीच धरली होती. ती मुलाकडून सोडवून घेत नाहीत, त्याला रोज बघणाऱ्या माणसाला, बहुतेक वेळा आईला, विचारून भरतात. स्वतः कपडे घालतो का, रस्ता ओलांडतो का, पैसे देऊन वस्तू आणतो का, एकटा कुठवर जातो. तुमच्या अहवालात त्या रकान्यात ‘माहिती उपलब्ध नाही’ आहे. किराणा, सुट्टे पैसे, मामाचं गाव, हे सगळं त्या रकान्यात यायला हवं होतं. ते नसताना ‘सौम्य बौद्धिक अक्षमता’ हे शब्द लिहायला नको होते. तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच.

अजून एक, पटकन. कान आणि डोळे तपासले का? लहानपणी कान फुटायचा असं तुम्ही ओघात लिहिलंय. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर वर्गात मागे बसलेल्या मुलाची नवीन भाषा कशी सुधारणार? ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) आणि चष्म्याची तपासणी आधी करून घ्या, बाकीचं नंतर.

आता कडू लागेल ते. कृतीचा 80 हासुद्धा सरासरीच्या खालच्या अंगाला आहे. साधारण 90 ते 109 ला सरासरी धरतात, आणि चार-पाच अंक इकडेतिकडे होणं कुठल्याही चाचणीत असतंच. त्यामुळे ‘मुलगा एकदम हुशार, नुसता भाषेचा घोळ’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. नीट मूल्यमापन झाल्यावर कदाचित ‘शिकायला वेळ लागतो’ असं निघेल, कदाचित वाचनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया म्हणतात ती) निघेल, कदाचित काहीच निघणार नाही. बौद्धिक अक्षमताच निघण्याची शक्यता मला कमी वाटते, पण कागदावरून मी निदान करत नाही. मनासारखा आकडा मिळेपर्यंत एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरणारे पालकही मी बघते. त्यांत मुलाची दोन वर्षं जातात आणि फाइल तेवढी जाड होते.

तर क्रम असा ठेवा. आधी पूर्ण अहवाल हातात घ्या, फोटो नको. त्यावर चाचणीचं नाव, तारीख, कोणत्या भाषेत घेतली, प्रत्येक उपचाचणीचे गुण, आणि लिहिणाऱ्याची सही व आरसीआयचा नोंदणी क्रमांक असायला हवा. भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी नसलेल्याने हे काम करायचं नसतं, कायदाच आहे 1992 चा. प्रश्नपत्रिका आणि उत्तरांची वही मात्र मागू नका. चाचणी फुटू नये म्हणून ती देत नाहीत, त्यात लपवाछपवी नाही. शाळेने अहवाल द्यायला टाळाटाळ केली तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. तीस दिवसांत उत्तर यायला हवं.

मग ज्यांनी चाचणी घेतली त्यांना भेटा. ही पायरी पालक टाळतात, कारण राग असतो. पण माझा अनुभव सांगते, निम्मे वाद इथेच मिटतात. कॅम्पमध्ये एका हॉलमध्ये गर्दी, बाहेर मुलांचा गोंगाट, एका माणसाला संध्याकाळपर्यंत रांग संपवायची असते. तुम्ही शांतपणे तीन प्रश्न विचारा: शाब्दिक आणि कृतीत एवढं अंतर का? मुलगा दुसरीपर्यंत तमिळनाडूत होता हे लक्षात घेतलंय का? सामाजिक परिपक्वता का मोजली नाही? सेलमच्या शाळेची प्रगतिपुस्तकं बरोबर न्या. प्रामाणिक माणूस असेल तर तुमची मुलाखत घेऊन पुरवणी अहवाल देईल, किंवा ‘निष्कर्ष तात्पुरता, पुनर्मूल्यमापन आवश्यक’ असं लिहून देईल. तेवढी एक ओळ मिळाली तरी शाळेचं म्हणणं ढिलं पडतं.

ते जमलं नाही तर दुसरं मूल्यमापन. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि सांगलीच्या सिव्हिलच्या रुग्णालयात चौकशी करा. शून्य ते अठरा वयाच्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात, तिथेही विचारा. खासगीत गेलात तर नोंदणीकृत चिकित्सा किंवा पुनर्वसन मानसशास्त्रज्ञच बघा, आणि खर्च तुमचाच हे धरून चाला. पहिला अहवाल लपवू नका. तोच प्रकार थोड्या महिन्यांत पुन्हा घेतला तर मुलाला सरावाने जास्त गुण पडतात, म्हणून नवीन माणसाला आधी काय झालंय ते कळलंच पाहिजे. म्हणजे ते वेगळी चाचणी निवडतील, शब्दांवर कमी अवलंबून असणारी. मात्र ‘आम्हाला एवढा आकडा हवा’ असं सुचवू नका. मला कुणी तसं सुचवलं तर मी मोजताना जास्तच कडक होते.

वाचनाचं वेगळं तपासून घ्या. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं मूल्यमापन आठ वर्षांनंतर करतात, म्हणजे तुमचा मुलगा वयात बसतो. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला त्यासाठी ठरवलेली आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली ‘डाली’ मराठीतही आहे. माझ्याकडे आला असता तर मी त्याला इंग्रजी आणि मराठी दोन्हींत वाचायला लावलं असतं. इंग्रजी बरं वाचत असेल आणि मराठीत जोडाक्षरं, वेलांट्यांवर अडखळत असेल तर तो शिकवण्याचा प्रश्न. दोन्हींत सारखाच अडखळत असेल तर मग अध्ययन अक्षमतेचा विचार.

शाळा तरीही ऐकत नसेल तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). सगळं लेखी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, आपल्याकडे जिल्हा परिषदेकडे, तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. न पटल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव होतोय असं असेल तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे साध्या मराठीत अर्ज करता येतो. त्यांना कागदपत्रं आणि माणसं बोलवायचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांची शिफारस गेल्यावर समोरच्याने काय केलं ते तीन महिन्यांत कळवायचं असतं. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे हेही लक्षात ठेवा, पण सरकारी कागदाला सरकारी माणूस दबतो. कोर्टाची पाळी सहसा येत नाही. आलीच तर मुंबईला जायला नको, 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सांगली-सातारा त्यातच येतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट न लावता.

तिसऱ्या कागदाविषयी, म्हणजे प्रमाणपत्राविषयी, दोन शब्द. शाळा ‘सर्टिफिकेट काढून आणा’ म्हणाली तर ते सक्तीचं नाही. या अहवालावर अर्ज करायची घाई तर मुळीच नको. ज्यांनी काढलंय आणि टक्केवारी पटत नाही, किंवा वैद्यकीय बोर्डाने नाकारलं, त्यांना दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 59 खाली अपील आहे. मुदत असते, म्हणून निकाल हातात आला त्याच आठवड्यात रुग्णालयात अपिलाचं विचारा आणि नाकारल्याचं कारण लेखी घ्या. मुलांची ही प्रमाणपत्रं कायमची नसतात. 2018 च्या केंद्रीय सूचनांत, 2024 मध्ये नव्या सूचना येईपर्यंत, बौद्धिक अक्षमतेत 5, 10 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासायचं, अध्ययन अक्षमतेत 8, 14 आणि 18 व्या वर्षी, असं होतं. दहावीला कोल्हापूर विभागीय मंडळाकडे सवलती मागायच्या तेव्हा या कागदाचं काम पडतं. चौथीत नाही.

हे सगळं चालू असताना मुलाचं शिकणं थांबवू नका. मदत मिळायला लेबल ठरेपर्यंत थांबावं लागत नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, त्यांना आपल्या शाळेवर यायला सांगा. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं, प्रत्यक्षात एका शिक्षकाकडे किती शाळा असतात ते आपण बघतोच. म्हणून मागणी छोटी आणि नेमकी करा: पुढच्या बाकावर बसवा, प्रश्न वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या, रोज वीस मिनिटं बाराखडीपासून मराठी वाचन. हे वर्गशिक्षकांनाही जमतं. आणि हे तीन महिने मनापासून करून मुलगा किती पुढे सरकला याची नोंद ठेवलीत, तर पुढच्या मूल्यमापनाला तिच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, पुन्हा चाचणीला नेलं तर त्याच्या मनावर परिणाम होईल का. त्याला खरं सांगा: ‘तुला वाचायला जड का जातं ते बघायला मॅडम काही खेळ आणि प्रश्न देणार आहेत, काही सोपे असतील, काही अवघड, सगळे कुणालाच येत नाहीत.’ ‘डॉक्टरकडे जायचंय’ म्हणू नका, तो इंजेक्शनच्या भीतीने गप्प बसेल. सकाळची वेळ मागा, पण पहाटेच्या एसटीने उपाशी आणू नका. शक्य असेल तर आदल्या रात्री मिरजेत कुणाकडे तरी मुक्काम करा. सर्दी-ताप असेल तर तारीख बदलून घ्या. आणि चाचणी चालू असताना खोलीबाहेर थांबा. आई समोर असली की मुलं उत्तर देण्याआधी तिच्या तोंडाकडे बघतात.